बारा व्होल्टची तार आणि तिचा फ्यूज: जाडी कशी ठरवावी, आकडा कसा निवडावा

गोव्याच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै हा यांत्रिक मासेमारीच्या बंदीचा काळ. मालीमपासून कुटबणपर्यंतच्या जेटींवर ट्रॉलर बांधलेले असतात, लहान होड्या वाळूवर ओढून आडोशाला ठेवलेल्या असतात आणि पुढच्या हंगामाची डागडुजी चालू असते. इंजीन उघडले जाते, फाटलेली जाळी सांधली जातात, लाकडाला वा फायबरला नवा रंग चढतो. या धावपळीत सर्वांत शेवटी लक्ष जाते ते बॅटरीपासून निघालेल्या तारांकडे. दिवा लागतो, पंप फिरतो, वायरलेस संच सुरू होतो. मग तारा तपासायच्या कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे.

घरोघरीही स्थिती वेगळी नाही. पावसाळ्यात वीज वारंवार जाते म्हणून इन्व्हर्टर आला, त्याच्या शेजारी दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी आली. बागायतीतल्या खोपीवर सौर पॅनल बसले. या सर्व ठिकाणी बारा किंवा चोवीस व्होल्टची एकदिश वीज, म्हणजे बोलीभाषेतील डीसी, वाहत असते. बारा व्होल्टच्या उघड्या टोकांना कोरडा हात लागला तरी झटका बसत नाही, आणि त्यामुळेच ‘एवढ्याशा विजेने काय होणार’ हा समज पक्का होतो. परंतु बॅटरीच्या जोडणीतील धोका झटक्याचा नसून उष्णतेचा असतो. तारेची जाडी आणि फ्यूजचा आकडा हे दोन निर्णय चुकले की ही उष्णता नको त्या ठिकाणी निर्माण होते. हे दोन्ही निर्णय साध्या गुणाकार-भागाकाराने घेता येतात. मात्र ते वेगवेगळे आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की गफलत होते.

दाब कमी, म्हणून प्रवाह मोठा

उपकरणाला लागणारी शक्ती वॅटमध्ये मोजतात. विद्युतदाब आणि विद्युतप्रवाह यांचा तो गुणाकार असतो. साठ वॅटचे उपकरण घरातील 230 व्होल्टवर चालवले तर जेमतेम पाव अँपिअर प्रवाह लागतो. तेवढ्याच शक्तीचे उपकरण बारा व्होल्टवर चालवायचे तर पाच अँपिअर लागतात. प्रवाह सुमारे एकोणीस पट झाला. तारेत वाया जाणारी शक्ती मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. याचा अर्थ, तीच तार, तेच अंतर आणि तेच साठ वॅट असले तरी बारा व्होल्टवर तारेत साडेतीनशे पटींहून अधिक उष्णता निर्माण होते.

दुसरी अडचण टक्क्यांची आहे. तारेच्या वाटेत एक व्होल्ट हरवला, तर 230 व्होल्टमध्ये ती घट अर्धा टक्काही होत नाही. बारा व्होल्टमध्ये तोच एक व्होल्ट आठ टक्क्यांहून अधिक असतो. म्हणूनच घरच्या वायरिंगमधील सवयीचे हिशेब, म्हणजे दिव्याला दीड चौरस मिलिमीटर, प्लगला अडीच आणि गिझरला चार, बॅटरीच्या जोडणीत जसेच्या तसे लागू पडत नाहीत. घरात तार निवडताना ती तापेल का एवढे पाहिले तरी बहुधा भागते. बॅटरीवर त्याच्या आधी, ती वाटेत किती दाब खाईल हे पाहावे लागते.

अंतर मोजायचे ते जाऊन-येऊन

तांब्याची एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाडीची तार घेतली, तर तिचा रोध 20 अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे 0.0172 ओहम असतो. तार तापली की रोध वाढतो, म्हणून हिशेबासाठी 0.02 हा आकडा धरणे सोयीचे आणि सावधपणाचे ठरते. त्यावरून एक साधे सूत्र मिळते. तारेची एकूण लांबी मीटरमध्ये, तिला प्रवाहाने आणि 0.02 ने गुणायचे. आलेल्या उत्तराला आपण जेवढी घट चालवून घेणार तेवढ्या व्होल्टने भागायचे. उत्तर चौरस मिलिमीटरमध्ये मिळते. ते बाजारातील मापांमध्ये बसत नसेल तर त्याच्या वरचे माप घ्यायचे, खालचे नव्हे.

यात सर्वाधिक होणारी चूक लांबीची. प्रवाह बॅटरीच्या धन टोकाकडून उपकरणाकडे जातो आणि ऋण टोकाकडे परत येतो. म्हणून उपकरण सहा मीटरवर असेल तर तारेची लांबी बारा मीटर धरावी लागते. तार सरळ रेषेत जात नाही, ती फळ्यांच्या कडेने, स्विचबोर्डाला वळसा घालून जाते. मोजमाप तिच्या प्रत्यक्ष वाटेचे हवे.

घट किती चालेल? नौकांच्या विद्युतजोडणीसाठी अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल या संस्थेचे मानक जगभर वापरले जाते. त्यात दिशादर्शक दिवे, दळणवळण व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, मुख्य वितरणफलकाकडे जाणारी तार अशा महत्त्वाच्या जोडण्यांना तीन टक्के, तर केबिनमधील साध्या दिव्यांसारख्या जोडण्यांना दहा टक्के घट मान्य आहे. बारा व्होल्टचे तीन टक्के म्हणजे 0.36 व्होल्ट.

उदाहरणादाखल, होडीच्या तळाशी साचलेले पाणी उपसणारा पंप घेऊ. तो आठ अँपिअर घेतो आणि बॅटरीपासून सहा मीटरवर आहे. बारा मीटर गुणिले आठ गुणिले 0.02 म्हणजे 1.92; त्याला 0.36 ने भागले की 5.33 येते. म्हणजे सहा चौरस मिलिमीटरची तार हवी. निरनिराळ्या तारांवर या एकाच पंपाचे काय होते, ते पुढीलप्रमाणे:

- दीड चौरस मिलिमीटर: घट 1.28 व्होल्ट, सुमारे पावणेअकरा टक्के
- अडीच चौरस मिलिमीटर: घट 0.77 व्होल्ट, सुमारे साडेसहा टक्के
- चार चौरस मिलिमीटर: घट 0.48 व्होल्ट, चार टक्के
- सहा चौरस मिलिमीटर: घट 0.32 व्होल्ट, पावणेतीन टक्क्यांच्या आत

दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवरही हा पंप फिरतोच, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. किनाऱ्यावर बटण दाबून पाहणाऱ्याला काहीही खटकणार नाही. परंतु डीसी मोटरचा वेग दाबाबरोबर घटतो आणि पाणी वर ढकलण्याची पंपाची ताकद वेगाच्या वर्गाने घटते. वेग एक दशांशाने कमी झाला तर पाणी जितक्या उंचीपर्यंत चढू शकते ती उंची जवळजवळ एक पंचमांशाने कमी होते. त्यात इंजीन बंद पडलेले असेल, बॅटरी साडेअकरा व्होल्टवर उतरलेली असेल आणि पाणी आत येत असेल, तर तारेतला हा सव्वा व्होल्ट फार महाग पडतो.

वायरलेस संचाची गोष्ट आणखी फसवी आहे. पंचवीस वॅटचा व्हीएचएफ संच नुसता ऐकत असताना एक अँपिअरही घेत नाही. बोलण्यासाठी बटण दाबले की तोच पाच-सहा अँपिअर घेऊ लागतो. तार बारीक असेल तर संच सुरू होतो, आवाज स्वच्छ येतो आणि सर्व काही ठीक असल्याचा भास होतो. मदतीसाठी हाक द्यायची वेळ आली की त्याच क्षणी दाब कोसळतो. प्रक्षेपणाची शक्ती घटते किंवा संच बंद पडतो. तारेची परीक्षा उपकरण पूर्ण भारावर असतानाच होते, ती याच कारणाने.

तार किती प्रवाह सोसते

दाबाचा हिशेब झाला की दुसरा प्रश्न तापण्याचा. प्रत्येक तारेवरील प्लास्टिकचे वेष्टन एका मर्यादेपर्यंतच उष्णता सोसते. साध्या पीव्हीसी वेष्टनाची मर्यादा 70 अंश सेल्सिअस असते. नळीतून नेलेल्या तांब्याच्या तारांसाठी सावध आकडे धरायचे तर दीड चौरस मिलिमीटरला सुमारे 14 अँपिअर, अडीचला 19, चारला 26 आणि सहाला 31 ते 32 अँपिअर धरता येतात. उत्पादक आपल्या तारेसाठी जो तक्ता देतो तो अर्थातच अंतिम मानावा.

हे आकडे भोवतालच्या तापमानावर अवलंबून असतात. 30 अंश गृहीत धरून दिलेला आकडा इंजीनजवळच्या 50 अंशांच्या जागेत सुमारे 70 टक्क्यांवर येतो आणि 60 अंशांना निम्म्यावर. अनेक तारा एकाच जुडग्यात घट्ट बांधल्या तर त्या परस्परांना तापवतात आणि क्षमता आणखी उतरते. इंजीनरूममधून जाणारी तार म्हणूनच एक माप वरची घेणे शहाणपणाचे असते.

थोडक्यात, दाबाच्या हिशेबातून एक जाडी मिळते, तापण्याच्या हिशेबातून दुसरी. दोहोंपैकी जी अधिक, ती निवडायची. तार लांब असेल तर बहुधा दाबाचा हिशेब भारी ठरतो. इन्व्हर्टरसारखी आखूड पण प्रचंड प्रवाहाची जोडणी असेल तर तापण्याचा.

फ्यूज कोणाचे रक्षण करतो

फ्यूज उपकरणाला वाचवतो, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. वायरलेस संचाच्या आतील नाजूक भाग जळायला हजारांश सेकंदही पुरतो. वितळायला वेळ घेणारा फ्यूज त्याला वाचवू शकत नाही. बॅटरीजवळचा फ्यूज तारेसाठी असतो. तारेचे वेष्टन घासून ती लोखंडाला टेकली, उपकरणात आतल्या आत शॉर्ट झाला किंवा उंदराने वेष्टन कुरतडले, तर तार लालबुंद होऊन भोवतालचे लाकूड, फायबर वा डिझेलचे बोळे पेटण्याआधी प्रवाह तोडणे हे त्याचे काम. मराठी शालेय पुस्तकांत त्याला ‘वितळतार’ म्हणतात, आणि ते नाव अर्थपूर्ण आहे: सबंध तारेच्या वाटेत, सर्वांत आधी वितळावी अशी मुद्दाम ठेवलेली ती जागा.

यावरून फ्यूजच्या आकड्याला दोन सीमा मिळतात. खालची सीमा उपकरण ठरवते: फ्यूज विनाकारण उडू नये म्हणून सततच्या प्रवाहाच्या सव्वापट आकडा धरतात. वरची सीमा तार ठरवते: फ्यूजचा आकडा तारेच्या क्षमतेच्या वर जाता कामा नये. वर घेतलेल्या पंपाला आठच्या सव्वापट म्हणजे दहा अँपिअर, आणि सहा चौरस मिलिमीटरच्या तारेची क्षमता तीसच्या आसपास. दहा किंवा पंधराचा फ्यूज दोन्ही सीमांमध्ये बसतो. पंपाच्या उत्पादकाने आकडा दिला असेल तर तोच घ्यावा. दोन सीमांमध्ये एकही आकडा बसत नसेल, तर फ्यूज मोठा करण्याऐवजी तार बदलली पाहिजे.

फ्यूज आपल्या आकड्यावर पोहोचताक्षणी उडत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. वाहनांत आणि होड्यांत सर्रास वापरला जाणारा पात्यांचा रंगीत फ्यूज घ्या. त्याच्या मानकानुसार आकड्याच्या 110 टक्के प्रवाह तो किमान शंभर तास वाहू देतो. 135 टक्क्यांवर त्याला उडायला दहा मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. दुप्पट प्रवाहावर पाच सेकंदांपर्यंत. म्हणजे दहाच्या फ्यूजमधून अकरा अँपिअर दिवसभर जाऊ शकतात. दीड चौरस मिलिमीटरच्या, चौदा अँपिअर सोसणाऱ्या तारेवर कोणी तीसचा फ्यूज लावला, तर पंचवीस अँपिअरचा दोष रात्रभर चालू राहील. फ्यूज जागचा हलणार नाही आणि तार मात्र वितळत राहील.

या फ्यूजचे रंग लक्षात ठेवण्यासारखे आहेत. फिकट तपकिरी पाचचा, तपकिरी साडेसातचा, लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, पारदर्शक पंचवीसचा आणि हिरवा तीसचा. जिथे लाल असायला हवा तिथे हिरवा दिसला, तर आधी कोणीतरी फ्यूज वारंवार उडण्यावर हा उपाय केला आहे, असे समजावे. फ्यूजच्या जागी तांब्याचे दोन-चार केस गुंडाळणे किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी लावणे ही त्याच उपायाची पुढची पायरी. वारंवार उडणारा फ्यूज तक्रार सांगत असतो. त्याला गप्प केल्याने तक्रारीचे कारण जात नाही.

फ्यूजची जागा

तारेचा जो भाग बॅटरी आणि फ्यूज यांच्यामध्ये येतो, त्याला कोणीही राखणदार नसतो. फ्यूज उपकरणाशेजारी लावला आणि बॅटरीपासून तिथवर सहा मीटर तार उघडी राहिली, तर त्या सहा मीटरांत कुठेही दोष झाला तरी बॅटरीची सारी ताकद तारेत उतरेल. म्हणूनच फ्यूज धन तारेवर, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ हवा. वर उल्लेखिलेल्या मानकात हे अंतर मुळात सात इंच, म्हणजे सुमारे 18 सेंटिमीटर आहे. तार स्वतंत्र संरक्षक आवरणातून नेल्यास त्यात काही सवलत मिळते. इंजीन सुरू करणाऱ्या स्टार्टरच्या जाड तारेला या नियमातून सूट आहे. मात्र चार्ज होताना शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे बॅटरीच्या बंद पेटीच्या आत, वायू साचेल अशा जागी फ्यूज वा स्विच नसावा.

जाड तारेतून बारीक तारेची फांदी जिथे फुटते, तिथेही हाच नियम. जाड तारेसाठी लावलेला मोठा फ्यूज बारीक तारेला वाचवू शकत नाही. फांदीच्या सुरुवातीलाच तिच्या जाडीला साजेसा वेगळा फ्यूज हवा. वितरणफलकावर प्रत्येक जोडणीला स्वतंत्र फ्यूज असतो, तो याचसाठी.

उडणे आणि तुटणे यांतील फरक

फ्यूजवर अँपिअरच्या जोडीला आणखी दोन गोष्टी पाहायच्या असतात. पहिली, तो किती डीसी व्होल्टसाठी आहे. घरातील वीज पन्नास हर्ट्झची असते. तिचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, आणि संपर्क तुटताना पेटलेली ठिणगी त्या शून्यावर विझते. डीसी प्रवाह असा कधीच शून्यावर येत नाही. ठिणगी लांबत जाते, धातू वितळवते आणि प्रवाह चालूच राहतो. म्हणून केवळ एसीसाठी बनवलेला एमसीबी बॅटरीच्या वा सौर पॅनलच्या वाटेत बसवणे धोक्याचे आहे. डीसीसाठीचे काही एमसीबी दिशा मानणारे असतात. त्यांवर धन-ऋण खुणा असतात आणि उलटे जोडले तर ठिणगी विझवण्याची त्यांची व्यवस्था निकामी ठरते. पात्यांचा साधा रंगीत फ्यूज 32 व्होल्टपर्यंतचा असतो. बारा आणि चोवीस व्होल्टला तो चालतो, 48 व्होल्टच्या बॅटरीला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे फ्यूज जास्तीत जास्त किती प्रवाह सुरक्षितपणे तोडू शकतो. मोठ्या ट्यूब्युलर बॅटरीचा आंतररोध पाच मिलीओहम धरला, तर थेट शॉर्ट झाल्यावर ती क्षणभर अडीच हजार अँपिअर देऊ शकते. पात्यांच्या फ्यूजची तोडण्याची क्षमता सहसा एक हजार अँपिअर असते. बॅटरीच्या टोकाशी तो मुख्य फ्यूज म्हणून बसवला तर फुटू शकतो, किंवा वितळूनही ठिणगीच्या रूपाने प्रवाह जाऊ देतो. त्या जागी बोल्टने कसायचे एएनएलसारखे फ्यूज लागतात. त्यांची क्षमता काही हजार अँपिअरची असते. लिथियम बॅटरीचा आंतररोध आणखी कमी असतो, त्यामुळे तिच्यासाठी सुमारे वीस हजार अँपिअर तोडू शकणारे ‘क्लास टी’ फ्यूज सुचवले जातात.

इन्व्हर्टर: अंतर कोणत्या बाजूने वाढवावे

घरच्या इन्व्हर्टरवर सातशे वॅटचा भार आहे आणि त्याची कार्यक्षमता 85 टक्के आहे असे धरू. बॅटरी उतरून अकरा व्होल्टवर आली की तो सुमारे 75 अँपिअर खेचतो. बॅटरी लगत असेल तर अडचण नाही. पण आम्लाचा वास नको म्हणून बॅटरी चार मीटरवरच्या पडवीत नेली आणि सोळा चौरस मिलिमीटरची तार वापरली, तर जाऊन-येऊन आठ मीटरांत पाऊण व्होल्ट हरवतो. पाऊण व्होल्ट गुणिले 75 अँपिअर म्हणजे 56 वॅट. एका जुन्या छतपंख्याच्या जवळपास जाणारी वीज नुसती तार तापवण्यात जाते. इन्व्हर्टरला बॅटरी प्रत्यक्षापेक्षा अधिक उतरलेली दिसते आणि तो वेळेआधी बंद पडतो. दोष बॅटरीच्या माथी येतो.

तीच जोडणी 35 चौरस मिलिमीटरची केली तर घट 0.34 व्होल्टवर, म्हणजे तीन टक्क्यांच्या आत येते. 75 च्या सव्वापट सुमारे 94. म्हणून 100 अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या टोकाशी. यापेक्षा स्वस्त मार्ग म्हणजे इन्व्हर्टरच बॅटरीशेजारी ठेवणे आणि अंतर 230 व्होल्टच्या बाजूने वाढवणे. तिकडे तेवढ्याच भाराला तीन अँपिअर पुरतात. नवी जोडणी करणाऱ्याने चोवीस व्होल्टचाही विचार करावा: प्रवाह निम्मा होतो आणि चालण्याजोगी घट दुप्पट, त्यामुळे दाबाच्या हिशेबाने तांबे एक चतुर्थांशच लागते.

सौर पॅनलचे वेगळेपण

बॅटरी हजारो अँपिअर देऊ शकते. पॅनल मात्र शॉर्ट केले तरी नेहमीच्या प्रवाहाहून थोडेच अधिक देते. शंभर वॅटचे बारा व्होल्टचे पॅनल चालताना साडेपाच अँपिअर देत असेल, तर शॉर्ट झाल्यावर सहाच्या आसपास देईल. दहाचा फ्यूज त्याने कधीच उडणार नाही. म्हणून एका पॅनलची तार त्याच्या शॉर्ट प्रवाहाच्या किमान सव्वापट सोसणारी निवडली की पॅनलच्या बाजूने ती सुरक्षित असते. फ्यूज आवश्यक ठरतो तो नियंत्रक आणि बॅटरी यांच्यामध्ये, बॅटरीच्या टोकाशी. कारण तिथे ताकद बॅटरीची आहे. तीन किंवा अधिक पॅनल समांतर जोडली, तर एकात दोष झाल्यावर बाकीची त्यात प्रवाह ओततात. तेव्हा प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज लागतो. घराच्या छतावरील वीजमंडळाला जोडलेल्या सौर संचात मात्र पॅनल एकामागोमाग जोडून शेकडो व्होल्ट तयार केलेले असतात. तेथे हे बारा व्होल्टचे ठोकताळे लावू नयेत. ते काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच.

फ्यूजला न दिसणारा दोष

एक दोष कोणताही फ्यूज पकडू शकत नाही: सैल किंवा गंजलेला सांधा. सांध्याचा रोध केवळ एक शतांश ओहम झाला, तरी 75 अँपिअरला तिथे 56 वॅट उष्णता एका बिंदूवर साचते. प्रवाह वाढलेला नसतो, उलट किंचित घटलेला असतो. त्यामुळे फ्यूज शांत राहतो आणि लगचे प्लास्टिक करपते. खाऱ्या हवेत हे लवकर घडते. साध्या तांब्याचे केस वेष्टनाच्या आतपर्यंत काळे पडतात. नौकेसाठी कथिलाचा मुलामा दिलेल्या, अनेक बारीक केसांच्या लवचीक तारा वापराव्यात; जाड तारांना योग्य मापाचा लग योग्य अवजाराने दाबून बसवावा, वर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. पकडीने चेपलेला लग काही महिन्यांत सैल होतो.

खरेदी करतानाही दोन सापळे आहेत. आयात उपकरणांच्या पुस्तिकांत तारेचे माप अमेरिकी गेजमध्ये दिलेले असते आणि तिथे आकडा वाढला की तार बारीक होते: दहा गेज म्हणजे सुमारे सव्वापाच चौरस मिलिमीटर, दोन गेज म्हणजे साडेतेहतीस. दुसरा सापळा म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली स्वस्त तार. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या जवळजवळ दीडपट असतो आणि खाऱ्या हवेत ती टिकत नाही. टोक तासून आत पांढरा धातू दिसतो का, ते पाहावे. मात्र कथिलाचा मुलामा वरून पांढरा दिसतो, म्हणून केस खरवडून पाहणे आवश्यक.

तपासणी कशी करावी

यासाठी एक साधा मल्टिमीटर पुरतो. उपकरण पूर्ण भारावर चालू ठेवून आधी बॅटरीच्या टोकांवर आणि मग उपकरणाच्या टोकांवर व्होल्ट मोजावे. दोन आकड्यांतील फरक हाच वाटेतला तोटा. तो हिशेबाहून अधिक आला तर तार बारीक आहे किंवा एखादा सांधा बिघडला आहे. मीटरची दोन टोके एकेका सांध्याच्या अलीकडे-पलीकडे लावली की नेमका कोणता, ते कळते. अर्धा तास भारावर चालल्यावर एखादा लग वा फ्यूजचा खोबणीतला भाग हाताला गरम लागला, तर तोही इशाराच. दुरुस्ती करताना बॅटरीची ऋण तार आधी काढावी आणि शेवटी जोडावी. हातातील अंगठी, कडे वा धातूचा पट्टा उतरवून ठेवावा. बॅटरीच्या टोकांना टेकलेली अंगठी बोटावरच लाल होते.

काम पूर्ण झाल्यावर एक कागद फलकाच्या झाकणाला आतून चिकटवावा. प्रत्येक जोडणीपुढे उपकरणाचे नाव, तारेची जाडी आणि फ्यूजचा आकडा लिहावा. समुद्रात रात्री फ्यूज उडाला, तर त्या जागी कोणता बसवायचा हे खलाशाला अंदाजाने ठरवावे लागणार नाही, आणि त्या आकड्याचे राखीव फ्यूज फलकाजवळच असले तर हाताला येईल ती तार गुंडाळण्याची वेळही येणार नाही.